डाव्या हाताला सुट्टी

मोटारसायकलवर उजव्या हाताचा फार तोरा असतो. रेस द्यायची त्यानं, पुढचा ब्रेक दाबायचा त्यानं. डावा हात काय करतो असं विचारलं तर मागे बसणारी मंडळी म्हणतात, "हॉर्न वाजवतो!" खरं तर सगळी हमाली डाव्या हाताची आणि डाव्या पायाची असते.

घरातलं कुणी गिअरची गाडी चालवत असेल तर सिग्नलला त्यांच्या डाव्या बाजूकडे बघा. दिवा लाल झाला की चार बोटं क्लच आवळतात. पाय टक-टक करत गिअर उतरवतो. मग न्यूट्रल सापडतो, किंवा सापडतच नाही. (हिरवा 'एन' लागेना म्हणून वैतागलेला काका प्रत्येक सिग्नलला एक तरी असतोच.) सिग्नल सुटला की परत क्लच, पहिला गिअर, मग क्लच हळूऽऽ सोडायचा आणि त्याच वेळी उजव्या हातानं रेस वाढवायची. जरा घाई झाली की गाडी आचका देते आणि बंद पडते. मागून पों-पों सुरू! शहरातून तासभर गाडी चालवली तर हा खेळ किती वेळा होत असेल, तुम्हीच मोजा.

आता याच खेळात एक भलीमोठी गाडी आणू. तिचं नाव होंडा गोल्ड विंग. जपानमधल्या कुमामोतो इथल्या कारखान्यात ती तयार होते. वजन साधारण ३८० किलोच्या पुढे. आपल्याकडच्या १०० सीसीच्या तीन मोटारसायकली एकत्र केल्या तरी काटा हिच्याच बाजूला झुकेल. इंजिन १८३३ सीसीचं आणि त्यात सहा सिलिंडर! आपल्या साध्या मोटारसायकलीत एकच असतो. हे सहा सिलिंडर उभे नसतात, आडवे झोपलेले असतात, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे. एका बाजूचा पिस्टन बाहेर धावला की समोरचाही बाहेर धावतो, दोघं एकमेकांचा धक्का जिरवतात. म्हणून हे इंजिन चालू असताना थरथरत नाही म्हटलं तरी चालेल. शिवाय इंजिन आडवं म्हणजे सगळं जड सामान खाली, जमिनीजवळ. सीटची उंची फक्त ७४५ मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच साध्या मोटारसायकलींपेक्षाही कमी.

गोल्ड विंग पहिल्यांदा १९७४ साली जर्मनीत कोलोनच्या प्रदर्शनात दाखवली गेली. तेव्हा तिला चारच सिलिंडर होते. १९८८ मध्ये सहा झाले. आणि २०१८ मध्ये आलेल्या गोल्ड विंगच्या एका प्रकारात एक गंमत झाली. गिअर सात, पण क्लचचा दांडा नाही! गिअर टाकायची पायाखालची पट्टी नाही! गाडी आपली आपण गिअर बदलते.

हे जमवायला होंडाला जवळजवळ साठ वर्षं लागली. ती गोष्ट मोठी मजेदार आहे, पण ती कळायला आधी गिअर लागतात कशाला ते बघायला हवं.

तुमच्याकडे गिअरची सायकल असेल तर एक करून बघा. सपाट रस्त्यावरचा सगळ्यात 'जड' गिअर तसाच ठेवा आणि थांबलेली सायकल चढावर निघते का बघा. पाय दुखतील, सायकल हलणार नाही. 'हलका' गिअर लावला की पायडल भराभर मारावं लागतं, पण सायकल चढते. पेट्रोलच्या इंजिनाचंही हेच. त्याला फार हळू फिरता येत नाही, फार जोरात फिरलं तर तापतं आणि ओरडतं. मधल्या टप्प्यातच ते खूश असतं. चाकाला मात्र शून्यापासून शंभरापर्यंत सगळे वेग हवे असतात. या दोघांचं जमवून देतो तो गिअर. आणि एक गिअर काढून दुसरा टाकताना इंजिन आणि चाक यांना क्षणभर एकमेकांपासून तोडतो तो क्लच. गाडी उभी असते तेव्हाही इंजिन फिरतच असतं, मग ते चाकाला ओढत का नाही? कारण क्लच दाबलेला असतो, नाहीतर न्यूट्रल असतो. (विजेच्या मोटारीची ही कटकटच नाही. ती शून्यापासूनच जोरात ओढते, म्हणून बहुतेक ई-स्कूटरना गिअर नसतात.)

आता गोष्ट. होंडा कंपनी काढली सोइचिरो होंडा यांनी, १९४८ साली. त्या काळी जपानमध्ये शेवया विकणाऱ्या दुकानांतली पोरं घरोघर खाऊ पोहोचवायची. एका हातावर वाडग्यांची चळत आणि दुसऱ्या हातात सायकलचं हँडल! होंडासाहेबांनी ठरवलं की आपली छोटी गाडी या पोरालाही एका हातानं चालवता आली पाहिजे. म्हणजे क्लचचा दांडा नकोच. १९५८ मध्ये सुपर कब आली. गिअर पायानंच टाकायचे, पण क्लच आपोआप लागायचा आणि सुटायचा. इंजिन जोरात फिरलं की त्यातली वजनं बाहेर फेकली जायची आणि क्लच पकडायचा, हळू झालं की सोडून द्यायचा. आतापर्यंत जगात १० कोटींहून जास्त सुपर कब तयार झाल्या आहेत. दुसऱ्या कुठल्याही मोटारगाडीच्या मॉडेलला हा आकडा गाठता आलेला नाही.

आपल्या महाराष्ट्रानंही या गोष्टीत भर घातली आहे बरं का. १९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकनं लूना आणली. हिला गिअरच नव्हते. आजीला विचारा, लूना तिला नक्की आठवेल. पुढे १९८४ मध्ये याच कायनेटिकनं होंडाशी हात मिळवला आणि कायनेटिक होंडा रस्त्यावर आली. बटन दाबलं की सुरू, आणि गिअर टाकायची भानगड नाही. तिच्या पोटात रबराचा एक पट्टा दोन पुलींवरून फिरायचा. वेग वाढला की पुलीच्या दोन थाळ्या जवळ यायच्या आणि पट्टा वर सरकायचा, म्हणजे गिअर हळूहळू, पायरीशिवाय बदलत राहायचा. आज शाळेबाहेर रांगेनं उभ्या असलेल्या पेट्रोलच्या स्कूटरींतही हाच पट्टा आहे.

मग गोल्ड विंगलाही पट्टाच का नाही लावला? मोठ्या स्कूटरींना तो लावतात, चालतोही. पण गोल्ड विंगचं इंजिन १७० न्यूटन-मीटर इतका पीळ देतं. एवढ्या जोरापुढे घासणारा रबरी पट्टा तापणार, झिजणार, आणि थोडा जोर वाटेतच खाऊन टाकणार. शिवाय रेस पिळली की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून सावकाश निघते, हे पट्ट्याचं वागणं लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला आवडत नाही.

होंडानं १९७६ मध्ये दुसरा उपाय करून पाहिला. ७५० सीसीच्या मोटारसायकलीत क्लचच्या जागी तेलानं भरलेला पंखा बसवला. इंजिनाकडचा पंखा तेल घुसळतो आणि तेलाच्या धक्क्यानं समोरचा, चाकाकडचा पंखा फिरतो. मधे पक्की पकड नाहीच, सगळा कारभार तेलावर. इटलीच्या मोटो गुझीनं हे आदल्या वर्षीच केलं होतं. गाड्या मऊ चालायच्या, पण दोनच गिअर आणि पळण्यात सुस्त. मोटारसायकलवाल्यांनी नाकं मुरडली. काही वर्षांतच त्या गाड्या बंद झाल्या.

खरी किल्ली भलत्याच माणसाच्या डोक्यात होती. ॲडॉल्फ केग्रेस नावाचा एक फ्रेंच इंजिनियर रशियाच्या झारच्या गाड्यांची देखभाल करायचा. बर्फात चाकं रुततात म्हणून त्यानं झारच्या मोटारींना मागे पट्टे बसवले होते. हाच केग्रेस पुढे फ्रान्सला परतला आणि १९३९ च्या सुमारास त्यानं एक कल्पना मांडली. एका गाडीला एक क्लच कशाला, दोन लावू! कल्पना चांगली होती, पण दोन क्लच अचूक सांभाळणारा मेंदू तेव्हा नव्हता. १९८० च्या दशकात पोर्शनं शर्यतीच्या मोटारींत ती वापरून पाहिली, २००३ मध्ये फोक्सवॅगननं रस्त्यावरच्या मोटारीत आणली, आणि २०१० मध्ये होंडानं पहिल्यांदा मोटारसायकलीत बसवली. तिचं नाव ड्युअल क्लच ट्रान्समिशन, सगळे डीसीटी म्हणतात.

दोन क्लच करतात काय? विहिरीतून दोरानं बादली ओढणाऱ्या माणसाचे हात आठवा. एका हातानं दोर धरून ओढतोय तोवर दुसरा हात पुढे जाऊन दोर पकडतो. मग पहिला सुटतो. दोर दोन्ही हातांतून एकदम कधीच सुटत नाही, म्हणून बादली वर येतच राहते. डीसीटी अगदी हेच करते. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा हे विषम गिअर एका क्लचकडे. दुसरा, चौथा, सहावा हे सम गिअर दुसऱ्याकडे. तुम्ही तिसऱ्या गिअरवर चालला आहात तेव्हाच एका छोट्या मोटरनं चौथा गिअर दुसऱ्या बाजूला अडकवून तयार ठेवलेला असतो. फक्त त्याचा क्लच सुटा असतो. वेळ आली की तेलाच्या दाबानं एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा पकडतो. बस्स.

जागेचं कोडं होंडानं कसं सोडवलं, हे मला सगळ्यात भारी वाटतं. दोन क्लच म्हणजे आत गिअर फिरवणारे दोन दांडे हवेत, पण मोटारसायकलीच्या पोटात जागा कुठे? मग एक दांडा आतून पोकळ केला आणि दुसरा त्याच्या आतून नेला. आतला वेगळा फिरतो, बाहेरचा वेगळा. दोघांची जागा जवळजवळ एकाचीच.

याचा फायदा मागे बसणाऱ्यालाही कळतो. साध्या मोटारसायकलीवर गिअर बदलताना क्लच दाबला की ओढ क्षणभर तुटते. मागच्याचं डोकं पुढे येतं आणि हेल्मेटवर हेल्मेट आपटतं, टक्! सात गिअर म्हणजे सहा टकटक. डीसीटीवर ओढ तुटतच नाही, म्हणून टक्कर जवळजवळ नाहीच.

समजा तुम्ही अठरा वर्षांचे झालात, लायसन्स मिळालं, मोठी गाडी चालवायचा सराव झाला आणि शोरूमवाल्यानं गोल्ड विंगची टेस्ट राइड दिली. चावी भोकात घालायची नाही, ती खिशातच राहू द्या, गाडी ओळखते. बटन दाबून इंजिन सुरू केलं की गाडी न्यूट्रलमध्ये असते. उजव्या हाताजवळचं 'डी' चं बटन दाबलं की खालून 'खट्' असा आवाज येतो. घाबरू नका, पहिला गिअर पडला. गाडी मात्र जागची हलत नाही. रेस थोडी पिळली की निघते.

आणि मग गंमत सुरू होते. वर्षानुवर्षं क्लच दाबलेल्या माणसाचा डावा हात पहिल्या सिग्नलला आपोआप पुढे जातो, बोटं हवेतच मिटतात. डावा पायही पट्टी शोधत हवेत ठोसे मारतो. सवय मोडायला वेळ लागतो. तिकडे गाडी स्वतःच गिअर उतरवत उतरवत पहिल्यावर येऊन थांबते, बंद पडत नाही. आधीच सांगितलेलं ३८० किलो वजन आठवतंय ना? एवढी गाडी हळू वळताना अचानक बंद पडली तर तोल जाऊन आडवीच व्हायची. आळशी माणसांसाठी ही सोय केली, असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगेन. जड गाडी संथ चालवणं हे भरधाव चालवण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि बंद न पडणारी गाडी तिथे खरी उपयोगी पडते.

पण एक चीज जाते. अरुंद गल्लीत गाडी वळवताना जुने चालक 'हाफ क्लच' मारतात, म्हणजे क्लच अर्धवट दाबून इंजिनाचा जोर चमचा-चमचा सोडतात. इथे दांडाच नाही! मग रेस अगदी थोडी चालू ठेवायची आणि उजव्या पायानं मागचा ब्रेक हलकासा दाबून ठेवायचा. हे जमलं की गोल्ड विंग संथपणे वळते. न जमलं तर टेस्ट राइडमध्येच घाम फुटतो.

गाडीच्या संगणकाला सारखी खबर लागते: चाक किती वेगात आहे, इंजिन किती फिरतंय, रेस किती पिळली आहे. यावरून तो गिअर ठरवतो. 'टूर', 'स्पोर्ट', 'इकॉन', 'रेन' असे चार मूड निवडता येतात. इकॉनमध्ये तो भराभर वरचे गिअर टाकून पेट्रोल वाचवतो, स्पोर्टमध्ये खालचा गिअर धरून ठेवतो. पण एक गोष्ट त्याला दिसत नाही: पुढचं वळण. घाटात आंधळं वळण येतंय हे तुमच्या डोळ्यांना कळतं, गाडीला नाही. म्हणून डाव्या हाताजवळ 'अधिक' आणि 'उणे' अशी दोन बटनं ठेवली आहेत. वळणाआधी उणे दाबलं की गिअर उतरतो. म्हणजे डाव्या हाताला पूर्ण सुट्टी काही मिळाली नाही. हमालाचा मुकादम झाला, इतकंच.

एवढी जड गाडी चुकून भिंतीला तोंड करून लावली तर मागे कोण ओढणार? म्हणून हिला चक्क रिव्हर्स आहे! १९८८ च्या गोल्ड विंगमध्ये इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटरच गाडी मागे ओढायची. आताच्या डीसीटी गाडीत बटन दाबून पुढे आणि मागे दोन्हीकडे सरकता येतं, माणूस चालतो त्याहूनही हळू.

विकत घेतली तर? परदेशातून तयार होऊन येते, त्यामुळे भारतात किंमत ४० लाखांच्या आसपास. तेवढ्यात बऱ्याच गावांत घर होईल, त्यामुळे बाबांकडे हट्ट धरू नका. ज्यांच्याकडे आहे त्यांना काही नव्या सवयी लावून घ्याव्या लागतात. साधी गाडी उतारावर पहिल्या गिअरमध्ये टाकून लावली की सरकत नाही. डीसीटी गाडी बंद केली की न्यूट्रलमध्ये जाते, म्हणून तिला मोटारीप्रमाणे वेगळा पार्किंग ब्रेक असतो. तो लावायला विसरलात तर काय होईल, ते सांगायला नको. बॅटरी उतरली तर 'धक्का मारो' चालत नाही. तेलाचा दाब नाही म्हणजे क्लच पकडत नाही, मग चाक कितीही फिरवा, इंजिन ढिम्म. शिवाय क्लचच्या तेलासाठी आणखी एक फिल्टर असतो, तोही वेळेवर बदलायचा.

हे सगळं ऐकून काही जुने चालक म्हणतात, "क्लच नाही ती कसली मोटारसायकल!" त्यांचंही अगदीच चूक नाही. अर्जेंटिनाचा एमिलिओ स्कोतो १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षं एकाच गोल्ड विंगवर जगभर फिरला, ७,३५,००० किलोमीटर. पृथ्वीला अठरा फेऱ्या! त्याच्या गाडीत ना डीसीटी होती, ना रिव्हर्स. प्रत्येक गिअर त्यानं डाव्या हातानं आणि डाव्या पायानं टाकला. पण वारा कुठे वाहतोय ते कंपन्यांना कळलं आहे. २०२४ मध्ये यामाहा आणि बीएमडब्ल्यू या दोघांनीही आपापल्या मोठ्या गाड्यांना क्लचचा दांडा काढून टाकण्याची सोय दिली, फक्त त्यांच्यात क्लच एकच आहे आणि तो मोटरी दाबतात. ब्रिटनमध्ये तर ऑटोमॅटिक मोटारसायकलीवर परीक्षा दिली की लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं. गिअरची चालवायची तर परीक्षा पुन्हा द्यायची.

आता तुमची पाळी. डीसीटीत विषम गिअर एका क्लचवर आणि सम दुसऱ्यावर, हे आपण पाहिलं. समजा तुम्ही पाचव्या गिअरवर आहात, समोर ट्रक आला आणि ओव्हरटेक करायला एकदम तिसरा हवा आहे. पाच आणि तीन दोन्ही विषम, एकाच क्लचवर! गाडी काय करत असेल? एका कागदावर दोन दांडे काढा, त्यांवर सात गिअर मांडा, बोट फिरवून बघा आणि उत्तर पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडे पाठवा.